मुंबईतला शनिवार-रविवार आणि स्वस्त तिकिटाचे गणित

व्हिएन्ना किंवा बर्लिनसारख्या शहरात दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा सहसा आधी दिवसभराचा पास काढतो. तिथे एकेरी तिकीट महाग असते, आणि रेल्वे, ट्राम, बस, भुयारी गाडी अशा सगळ्यांना एकच पास चालतो. मुंबईत या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत. इथे लोकलचे एकेरी तिकीट इतके स्वस्त आहे की पासाचे पैसे वसूल होता होत नाहीत, आणि सगळीकडे चालेल असा दिवसाचा पासच नाही. त्यामुळे मुंबईत स्वस्तात फिरायचे तर योग्य पास शोधण्यापेक्षा मार्ग नीट आखण्याला अधिक महत्त्व येते. पुढील दर २०२५ च्या अखेरचे धरले आहेत.

शहरातील सार्वजनिक वाहतूक अनेक संस्थांमध्ये वाटलेली आहे. लोकल गाड्या मध्य आणि पश्चिम रेल्वे चालवतात; भाड्याच्या दृष्टीने दोघींचे जाळे एकच समजले जाते. शहरातल्या बस बेस्टच्या, ठाण्यातल्या ठाणे परिवहनच्या, नवी मुंबईतल्या तिथल्या महापालिकेच्या. मेट्रोचे तर तीन वेगळे चालक आहेत: घाटकोपर-वर्सोवा मार्गाचा एक, दहिसरकडून अंधेरीकडे येणाऱ्या दोन मार्गांचा दुसरा आणि कफ परेड-आरे या भुयारी मार्गाचा तिसरा. प्रवासी एका चालकाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेला की भाडे पुन्हा पहिल्या टप्प्यापासून मोजले जाते. मुंबईत प्रवासाचा खर्च किलोमीटरने फारसा वाढत नाही, तो अशा सांध्यांवर वाढतो. आढाव्यात हा मुद्दा वारंवार येईल.

सगळ्यात स्वस्त साधन लोकल, आणि तीही साध्या गाडीचा द्वितीय वर्ग. किमान तिकीट ५ रुपये. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून दादरपर्यंत एवढ्यात जाता येते. चर्चगेट ते अंधेरी १० रुपये, चर्चगेट ते बोरिवली हे ३४ किलोमीटर १५ रुपये, आणि साठ किलोमीटरवरचे विरार २० रुपये. रेल्वेने जुलै २०२५ मध्ये देशभर प्रवासी भाडी वाढवली, तेव्हाही उपनगरी तिकिटे आणि मासिक पास यांना हात लावला नाही. भारतीय रेल्वेच्या फलाट तिकिटाला १० रुपये पडतात. म्हणजे फलाटावर नुसते उभे राहणे हे फलाटावरून गाडी पकडून दादर गाठण्याच्या दुप्पट महाग आहे. या दरांमागे खर्च भरून काढण्याचा हिशोब नाही. उपनगरी वाहतुकीतला तोटा रेल्वे इतर उत्पन्नातून सोसते. पाहुण्याच्या दृष्टीने अर्थ एवढाच की शक्य तितके अंतर रुळांवरून कापावे.

प्रथम वर्ग आणि वातानुकूलित लोकल यांचे दर वेगळ्या पातळीवर आहेत. मे २०२२ मध्ये दोन्हींची एकेरी भाडी जवळपास निम्मी झाली. तरी प्रथम वर्गाचे किमान तिकीट २५ रुपये आणि वातानुकूलितचे ३५ रुपये आहे. बोरिवली-चर्चगेटसारख्या लांब प्रवासाला वातानुकूलित गाडीत नव्वदच्या पुढे मोजावे लागतात, म्हणजे साध्या तिकिटाच्या सहापट. प्रथम वर्ग आणि वातानुकूलित यांच्यातला फरक मात्र साधारण दहा रुपयांचाच. वातानुकूलित गाडीचे तिकीट साध्या लोकलच्या प्रथम वर्गातही चालते, उलट मात्र चालत नाही. म्हणून ज्याला द्वितीय वर्गाची गर्दी नकोच आहे, त्याने प्रथम वर्गापेक्षा वातानुकूलित तिकीट काढणे शहाणपणाचे. एसी गाडी चुकली तरी साधी गाडी हाताशी राहते. शनिवार-रविवारी याची गरजही वाढते, कारण त्या दिवशी वातानुकूलित फेऱ्या कमी असतात. पश्चिम रेल्वेवर सुट्टीच्या दिवसांत त्यांची संख्या कामाच्या दिवसांपेक्षा बरीच खाली येते.

तरीही सुट्टीच्या दिवशी महाग वर्गाची गरज किती, हा प्रश्न उरतोच. द्वितीय वर्गाची जी ख्याती आहे ती सोमवार ते शुक्रवार सकाळी दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांची. रविवारी सकाळी आठ-नऊला बोरिवलीहून चर्चगेटकडे निघणाऱ्या धीम्या गाडीत बसायला जागा मिळण्याची शक्यता चांगली असते. रविवारची गर्दी दुपारनंतर उलटी वाहते: चौपाट्यांकडे, दादरच्या बाजाराकडे, नातेवाइकांकडे, आणि रात्री नऊनंतर परत. एवढी वेळ टाळली की १५ रुपयांचा आणि ९५ रुपयांचा प्रवास यांत उरतो तो मुख्यतः गारव्याचा फरक.

आता पर्यटक तिकिटाकडे. उपनगरी रेल्वेवर एक, तीन आणि पाच दिवसांची पर्यटक तिकिटे मिळतात. पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही मार्गांवर त्यावर कितीही वेळा चढता-उतरता येते. द्वितीय वर्गाचे दर साधारण असे: एका दिवसाला ७५ रुपये, तीन दिवसांना ११५, पाच दिवसांना १३५. ऐकायला सोय मोठी, पण हिशोब मांडल्यावर एका दिवसाचे तिकीट जवळजवळ कधीच परवडत नाही. विरारला राहणारा पाहुणा दिवसभरात चर्चगेटला जाऊन आला तर त्याला ४० रुपये लागतात. उरलेले ३५ रुपये वसूल करायला त्याला मध्ये आणखी सात वेळा पाच रुपयांचा प्रवास करावा लागेल. एवढा प्रवास गाड्यांचे छंदिष्ट करतील, शहर पाहायला आलेला माणूस करणार नाही.

तीन दिवसांच्या तिकिटाची गोष्ट निराळी. त्याचा रोजचा हिस्सा ३८ रुपयांवर येतो. शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस विरारहून रोज दक्षिण मुंबईत ये-जा केली, तर सुट्या तिकिटांचे १२० रुपये होतात आणि पास ११५ लाच पडतो. मध्ये कुठे उतरलो तर तो आणखी फायद्यात. म्हणजे पर्यटक तिकीट फायद्याचे ठरते ते लांब राहणाऱ्याला आणि पूर्ण तीन दिवस फिरणाऱ्याला. दादर किंवा अंधेरीला उतरलेल्याला त्याचा उपयोग नाही. शनिवार-रविवार असे दोनच दिवस हाती असतील आणि पास हवाच असेल, तर एक दिवसाची दोन तिकिटे (१५० रुपये) घेऊ नयेत. तीन दिवसांचे एकच घ्यावे, तेच स्वस्त पडते.

या तिकिटाची बाजू घेण्याजोगे एक कारण मात्र आहे. उपनगरी एकेरी तिकिटावर मध्येच उतरून पुन्हा चढता येत नाही. बोरिवली ते चर्चगेट तिकीट काढून प्रवासी महालक्ष्मीला धोबीघाट पाहायला स्थानकाबाहेर पडला, की ते तिकीट संपले. तिथून पुढे नवे तिकीट, नवी रांग. पर्यटक तिकीट ही रांग वाचवते. पण आता मोबाइलवर तिकीट निघत असल्याने रांगेचे दुखणे राहिलेले नाही, आणि या पासामागचे हे शेवटचे कारणही लंगडे पडले आहे.

परतीच्या तिकिटात सवलत नसते. दोन एकेरी तिकिटांइतकेच पैसे पडतात. फायदा एका रांगेचा. पश्चिम आणि मध्य रेल्वे यांच्यात दादरला गाडी बदलायची असेल तर मात्र ‘दादरमार्गे’ असे एकच सलग तिकीट काढावे. घाटकोपरहून अंधेरीला जाताना दादरपर्यंत एक आणि पुढे दुसरे तिकीट काढण्याचे कारण नाही. रेल्वेचे भाडे एकूण अंतरावर ठरते आणि अंतर वाढते तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो, म्हणून सलग तिकीट दोन तुकड्यांपेक्षा स्वस्त किंवा फार तर तेवढेच पडते. मासिक पासाचा विचार पाहुण्याने करू नये. साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या किमतीत महिन्याचा पास येतो, हा मुंबईच्या चाकरमान्याला मिळणारा मोठा लाभ आहे, पण दोन दिवसांत पंधरा फेऱ्या होत नाहीत. ज्यांच्याकडे पास आधीच आहे त्या मुंबईकरांचा शनिवार-रविवार त्या पट्ट्यात अर्थातच फुकट होतो. म्हणूनच कितीतरी कुटुंबांची रविवारची सहल पासाच्या दोन टोकांमध्ये ठरते.

तिकीट कुठून काढावे, यातही थोडा पैसा वाचतो. स्थानकांवरच्या स्वयंचलित यंत्रांची स्मार्ट कार्डे आणि यूटीएस अ‍ॅपचे आर-वॉलेट यांवर पैसे भरताना तीन टक्के जादा रक्कम जमा होण्याची पद्धत पडली. २०२५ मध्ये रेल्वेने रेलवन हे एकत्रित अ‍ॅप आणले आणि अनारक्षित तिकिटेही त्यात घेतली. पाच-दहा रुपयांवर तीन टक्के म्हणजे पैसेच; खरा लाभ वेळेचा. उलट, स्थानकाबाहेरच्या जनसाधारण तिकीट सेवकाकडे तिकिटामागे रुपया-दोन रुपये जादा द्यावे लागतात. रक्कम क्षुल्लक वाटते, पण ५ रुपयांच्या तिकिटावर हा अधिभार वीस ते चाळीस टक्के होतो. मोबाइलवर काढलेल्या कागदविरहित तिकिटाला दोन अटी आहेत: ते फलाटावर किंवा गाडीत बसल्यावर काढता येत नाही, आणि काढल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो. स्थानकात शिरल्यावर आठवण झाली तर भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करून तिकीट काढायची सोय बऱ्याच ठिकाणी केलेली आहे. तसा कोड न दिसल्यास मुकाट्याने बाहेर यावे. विनातिकीट सापडल्यास भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड आहे, म्हणजे पन्नास किमान तिकिटांची किंमत. द्वितीय वर्गाचे तिकीट घेऊन प्रथम वर्गाच्या डब्यात चढणाऱ्यालाही टीसी सोडत नाही. मुंबईबाहेरून आलेले लोक या चुकीत हमखास सापडतात, कारण रविवारी रिकामा दिसणारा डबा बऱ्याचदा प्रथम वर्गाचाच निघतो.

लोकलनंतर बेस्टची बस. २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडे साध्या बसला ५ आणि वातानुकूलित बसला ६ रुपयांवर आणले होते. पाच-सहा वर्षे मुंबईतली बस देशातल्या स्वस्तांत मोडत होती. ९ मे २०२५ पासून ते दुप्पट झाले. आता पहिल्या पाच किलोमीटरला साध्या बसमध्ये १० आणि वातानुकूलित बसमध्ये १२ रुपये पडतात. दहा किलोमीटरला अनुक्रमे १५ आणि २०, पंधराला २० आणि ३०. या भाडेवाढीने स्वस्त प्रवासाचे जुने गणित मोडले. पूर्वी लोकल आणि बस यांचे किमान तिकीट एकच होते, म्हणून दादरहून प्रभादेवीला बसने जाणे आणि लोकलने जाणे सारखेच होते. आता तसे नाही. जिथे रूळ समांतर आहेत तिथे बस दुप्पट किंवा त्याहून महाग पडते, आणि लांब अंतरावर तर तुलनाच नको: पंचवीस किलोमीटरला वातानुकूलित बस ४० रुपये घेते, तेवढ्या अंतराला लोकल १० ते १५.

बसचे काम म्हणून रुळांना आडवे जाण्याचे. मुंबईचे रूळ उत्तर-दक्षिण धावतात. समुद्रकिनारा, वांद्र्याचे बॅंडस्टँड, जुहू, हाजी अली, गेटवे हे सारे स्थानकांपासून बाजूला आहे. स्थानकापर्यंत लोकल आणि तिथून पहिल्या टप्प्याची बस, ही जोडी बहुतेक ठिकाणी सर्वांत स्वस्त ठरते. दक्षिण मुंबईत तर पुष्कळदा बसही लागत नाही. चर्चगेटपासून मरीन ड्राइव्ह पाच मिनिटांवर आहे. ओव्हल मैदान, उच्च न्यायालय, काळा घोडा, वस्तुसंग्रहालय आणि गेटवे हे एका ओळीत दोन-अडीच किलोमीटरच्या आत येतात. पायी चालायची तयारी असलेल्याचा शनिवार इथे तिकिटाविनाच सरतो.

बेस्टच्या दिवसभराच्या पासाला ७५ रुपये पडतात. वातानुकूलित बसचा किमान टप्पा धरला तर सातव्या फेरीला तो वसूल होतो, वीस रुपयांचा टप्पा धरला तर चौथ्या. फक्त बसने फिरणाऱ्याला, विशेषतः लहान मुले किंवा ज्येष्ठ बरोबर असल्याने जिने आणि पूल टाळू पाहणाऱ्याला, तो फायद्याचा ठरू शकतो. लोकल आणि बस अशी मिसळ करणाऱ्याला नाही. डबलडेकरच्या हौशीपायी वेगळे तिकीट काढणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे: जुन्या साध्या दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, पण फेब्रुवारी २०२३ मध्येच सीएसएमटी ते एनसीपीए या ११५ क्रमांकाच्या मार्गावर वातानुकूलित विजेची दुमजली बस सुरू झाली होती. सहलीसाठी म्हणून चालवल्या जाणाऱ्या खास फेरीचे वरच्या मजल्याचे तिकीट दीडशेच्या घरात असते. नेहमीच्या मार्गावरची दुमजली बस मिळाली तर वरच्या मजल्यावरची पुढची खिडकी पहिल्या टप्प्याच्या १२ रुपयांत मिळते.

बसच्या भाडेवाढीचा एक अनपेक्षित परिणाम माणसे मोजल्यावर दिसतो. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे दीड किलोमीटरला २६ रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे ३१ रुपये आहे. तीन जण वातानुकूलित बसने एक टप्पा गेले तर ३६ रुपये, साध्या बसने गेले तर ३०. तेवढ्यात रिक्षा दारापर्यंत नेते आणि वर पैसे उरतात. चार जणांना बस ४८ रुपयांना पडते, टॅक्सी ३१ ला. ही बरोबरी साधारण दोन-सव्वादोन किलोमीटरपर्यंतच टिकते, कारण पुढे रिक्षा किलोमीटरला सतरा आणि टॅक्सी वीस रुपयांच्या वर घेते. रिक्षा सार्वजनिक वाहतुकीच्या काटेकोर व्याख्येत बसत नाही हे खरे, पण कुटुंबाने फिरताना बसला ‘स्वस्त’ गृहीत धरणे आता चूक आहे. दक्षिणेला वांद्रे आणि शीव इथपर्यंतच रिक्षा येते, त्याखाली टॅक्सी.

मेट्रोचे तीन चालक असल्याचा उल्लेख वर आलाच. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा ही पहिली मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. भाडे १० ते ४० रुपये. घाटकोपरहून अंधेरीला लोकलने दादरमार्गे १० रुपयांत जाता येते, पण त्यासाठी इंग्रजी व्ही अक्षरासारखा वळसा आणि दादरच्या पुलावरची गर्दी सोसावी लागते. मेट्रोने तेच अंतर वीसएक मिनिटांत सरळ कापले जाते. इथे वीस-तीस रुपये जास्त देण्यात अर्थ आहे. भुयारी ‘मेट्रो-३’ ऑक्टोबर २०२४, मे २०२५ आणि ऑक्टोबर २०२५ अशा तीन टप्प्यांत खुली झाली. आरे ते कफ परेड साडेतेहतीस किलोमीटर, २७ स्थानके, भाडे १० ते ७० रुपये. जवळपास तेवढेच अंतर लोकल १५ रुपयांत नेते, म्हणून टोकापासून टोकापर्यंत ही मेट्रो स्वस्त म्हणता येणार नाही. तिची खरी किंमत मधल्या तुकड्यांत आहे. काळबादेवी, वरळी, सिद्धिविनायक, विमानतळाची दोन्ही टर्मिनले, वांद्रे-कुर्ला संकुल: या ठिकाणी लोकलने गेले तरी शेवटी बस किंवा टॅक्सी लागतेच, आणि ते जोडभाडे धरले की मेट्रो बरोबरीला येते. सिद्धिविनायकाला जाणाऱ्याने दादरपर्यंत लोकल आणि पुढे एका स्थानकाची मेट्रो घ्यावी की सरळ चालावे, हा प्रश्न मंगळवारी पहाटे गंभीर असतो. रविवारी दुपारी चालणेच बरे.

दहिसर ते अंधेरी पश्चिम आणि दहिसर ते गुंदवली या मार्गांवर मात्र सुट्टीसाठी सवलती आखलेल्या आहेत. मुंबई वन कार्ड वापरणाऱ्याला एरवी पाच टक्के आणि रविवारी व राष्ट्रीय सुट्ट्यांना दहा टक्के सूट देण्याची योजना तिथे आहे. ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग आणि बारावीपर्यंतचे विद्यार्थी यांना मे २०२३ पासून पंचवीस टक्के सवलत मिळते. शिवाय अमर्याद फेऱ्यांचा पास एका दिवसाला ८० आणि तीन दिवसांना २०० रुपयांत ठेवलेला आहे. मुंबईतल्या पासांपैकी हा त्यातल्या त्यात बरा, पण तो या दोनच मार्गांवर चालतो. या मार्गांवर पाहुण्याला जाण्याजोगे मोठे ठिकाण म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आणि तिथे बोरिवली स्थानकाहूनही चालत जाता येते. राहण्याची जागा याच पट्ट्यात असेल तरच हा पास विचारात घ्यावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या मुंबई वन अ‍ॅपने लोकल, मेट्रो आणि बस अशा अकरा सेवांची तिकिटे एकाच ठिकाणी काढण्याची सोय केली. यामुळे व्यवहार एकत्र झाला, पण भाडी अजून वेगवेगळीच आहेत.

हे सारे एका ठोस उदाहरणात पाहावे. पाहुणा बोरिवलीला राहतो. शनिवारी तो लोकलने चर्चगेटला जातो (१५ रुपये), गेटवेपर्यंत पायी फिरतो, तिथून बसने सीएसएमटी गाठतो (१२), मग लोकलने भायखळ्याला राणीच्या बागेत जातो (५), तिथून दादरला खरेदीला (५), आणि रात्री परत बोरिवली (१०). रविवारी वांद्र्याला जाऊन येतो (१० आणि १०), स्थानकापासून बॅंडस्टँडपर्यंत जाता-येता बस (१२ आणि १२). दोन दिवसांचे मिळून ९१ रुपये होतात. त्याने तीन दिवसांचे पर्यटक तिकीट घेतले असते तर बसचे ३६ धरून १५१ झाले असते. उत्साहाच्या भरात दोन्ही दिवस रेल्वेचा आणि बेस्टचा असे चारही दैनिक पास घेतले असते तर ३००. आणि प्रत्येक रेल्वेप्रवास वातानुकूलित गाडीने केला असता तर एकूण आकडा ३०० च्याही वर गेला असता. या शहरात सवलतीच्या योजनेपेक्षा साधे तिकीट स्वस्त पडते ते असे.

शनिवार-रविवारचा खास अडथळा म्हणजे मेगाब्लॉक. रुळांच्या देखभालीसाठी मध्य रेल्वे बहुतेक रविवारी मुख्य आणि हार्बर मार्गांच्या काही भागांवर साधारण सकाळी अकराच्या सुमारास ते दुपारी चार-पाचपर्यंत वाहतूक थांबवते किंवा वळवते. पश्चिम रेल्वेचा ब्लॉक कधी शनिवारी रात्री येतो. कोणत्या स्थानकांदरम्यान ब्लॉक आहे ते आदल्या दिवशीच जाहीर होते आणि वर्तमानपत्रांत छापून येते. याचा तिकिटाशी संबंध असा की हार्बर मार्ग बंद असताना त्या प्रवाशांना त्याच तिकिटावर मुख्य किंवा पश्चिम मार्गाने वळसा घालून जाण्याची मुभा बहुधा दिली जाते. ही घोषणा न वाचलेला माणूस रिक्षाला दोनशे रुपये देतो. रविवारी मध्य रेल्वेवर वेळापत्रकही विरळ असते, त्यामुळे ब्लॉकनंतरच्या पहिल्या गाड्या सोमवार सकाळची आठवण करून देतात.

मुलांचे भाडे रेल्वेत पाच वर्षांखाली माफ आणि पुढे बारा वर्षांपर्यंत निम्मे असते. मूळ तिकीटच पाच-दहा रुपयांचे असल्याने यातून मोठी बचत होत नाही. मेट्रोत तीन फुटांपर्यंत उंचीची मुले मोफत.

जलप्रवास या हिशोबात वेगळा बसतो. गेटवेहून घारापुरीला जाऊन येण्याचे बोटीचे तिकीट अडीचशेच्या पुढे जाते, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या संपूर्ण दोन दिवसांच्या प्रवासाच्या अडीच-तीनपट. त्याशिवाय लेण्यांचे प्रवेशशुल्क. लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे शनिवार-रविवारला जोडून सोमवार घेणाऱ्यांनी घारापुरी शेवटच्या दिवसावर ढकलू नये. समुद्रावर जायची हौस स्वस्तात भागवायची तर वर्सोवा-मढ किंवा मार्वे-मनोरी या फेरीबोटी पाहाव्यात. नेहमीच्या प्रवाशांच्या या सेवा असल्याने त्यांचे भाडे काही रुपयांतच असते. अलिबागकडे जाताना भाऊच्या धक्क्याहून सुटणाऱ्या लाँचचे तिकीट गेटवे-मांडव्याच्या बोटीपेक्षा कमी असते, मात्र ती मांडव्याला न जाता रेवसला उतरवते, आणि पुढचा बसप्रवास त्या भाड्यात धरलेला नसतो. पावसाळ्यात गेटवे-मांडवा सेवा मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असते.

बाहेरगावाहून येणाऱ्यांनी शहरात शिरतानाच विचार केलेला बरा. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही निम्मे, आणि ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. पुणे किंवा नाशिकहून आजी, आई आणि मुलगी निघाल्या तर एसटीशी स्पर्धा करणे रेल्वेच्या आरक्षित डब्यालाही जड जाते. उपनगरी भाडी मुंबईच्या वेशीबाहेर बरीच दूर पोहोचतात: मध्य रेल्वेवर कसारा, कर्जत आणि खोपोली, पश्चिम रेल्वेवर डहाणू रोड. कर्जतहून सीएसएमटीचे शंभर किलोमीटरचे द्वितीय वर्गाचे तिकीट ३० रुपयांच्या आसपास आहे. कर्जत-कसाऱ्याच्या पलीकडच्या माणसाने तिथपर्यंत जे मिळेल त्याने यावे आणि पुढे लोकल धरावी, ही युक्ती नाशिक आणि मावळ पट्ट्यात जुनी आहे. तिला लागणारे दोन-अडीच तास ज्याच्याकडे आहेत त्यालाच ती परवडते. एसटीने येणाऱ्याने उतरण्याचे ठिकाणही निवडावे. बोरिवलीला जायचे असेल आणि गाडी मुंबई सेंट्रलला संपत असेल तर शेवटच्या थांब्याचा हट्ट धरू नये. वाटेत लोकलच्या स्थानकाजवळ उतरले की उरलेला प्रवास दहा रुपयांत होतो.

रात्रीच्या वेळा शेवटी राहतात. मेट्रो अकराच्या आगेमागे थांबतात, बसच्या फेऱ्या त्याआधीच विरळ होतात, आणि लोकलची शेवटची गाडी मार्ग पाहून साडेबारा ते एकच्या सुमारास सुटते; पहाटे चारच्या आसपास पुन्हा सेवा सुरू होते. मध्यरात्रीनंतर रिक्षा-टॅक्सीला पाच वाजेपर्यंत पंचवीस टक्के जादा द्यावे लागतात. दक्षिण मुंबईहून बोरिवलीपर्यंतचे टॅक्सीचे मीटर एवढ्या रात्री आठशेच्या पुढे जाते. शनिवारी नाटक किंवा उशिराचा सिनेमा ठरवताना शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहिली जाते ती यासाठी.